फेस न येणारं पाणी

आमचे हे गिझर दुरुस्त करतात. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, चला, गरम पाण्याला तरी तोटा नाही. कसलं काय! आमचाच गिझर कायम उघडा पडलेला आणि हे लोकांच्या घरी. विचारलं की "बघतो गं" म्हणतात.

कामाला मात्र वाघ. गिझर उघडला की आतली कॉइल पांढऱ्या खपल्यांनी लिंपलेली असते, पाण्यातल्या क्षारांनी. हे पान्याच्या मुठीनं हलकेच ठोकतात आणि खपली सुटली की चोर पकडल्यासारखे तिच्याकडे बघतात. अशा तुकड्यांची एक काचेची बरणीच आहे त्यांच्या पिशवीत. गिऱ्हाईक कुरकुरलं की बरणी समोर. तरी पटलं नाही तर साबणाचा खेळ. एका बाटलीत फिल्टरचं पाणी, दुसरीत नळाचं, दोन्हींत साबणाचे सारखेच थेंब, आणि खळखळून हलवायचं. फिल्टरच्या पाण्याला तोंडापर्यंत फेस येतो, नळाच्या पाण्याला जेमतेम. "बघा, एवढं जड पाणी येतं तुमच्याकडे," म्हणतात, की गिऱ्हाईक पाकीट काढतं. धंद्यातले लोक यांना चुनाशेठ म्हणतात. मी म्हणत नाही. चिडले तरच म्हणते.

तर अशा माणसाच्या घरी त्यांची आई राहायला आली. सासरे गेल्यापासून त्या गावच्या घरात एकट्याच होत्या. मागे विहीर, विहिरीला पायऱ्या. एक दिवस पायरीवरून घसरल्या, तेव्हा हे गेले आणि त्यांना घेऊनच आले.

आल्या आणि त्यांनी पाणी पिणंच सोडलं. घोट घ्यायच्या, तोंड वाकडं करायच्या, पेला खाली. "या पाण्याला चवच नाही." मी मनात म्हटलं, घ्या, आता पाण्यातही सुनेची चूक! आमच्याकडे पहिल्यापासून फिल्टरचंच पाणी. नळाचं पाणी सरळ प्यायची यांच्या राज्यात कोणाची टाप नव्हती.

यांनी ठरवून टाकलं, फिल्टर जुना झालाय, क्षार सुटताहेत, म्हणून आईला पाणी जड लागतंय. दिवसभर खपल्याच बघणाऱ्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? मग नळाचं पाणी उकळून, वरचं निवळ तेवढं ओतून दिलं. पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसला, तो बघून हे खूश. सासूबाई म्हणाल्या, "हे मेलेलं पाणी आहे रे." मग भारीतला नवा फिल्टर आला, होते नव्हते ते सगळे क्षार काढून टाकणारा. त्याचा घोट घेऊन त्या थुंकल्या नाहीत एवढंच. अहो, हात टेकले मी.

एका सकाळी न्हाणीघराच्या दारात त्यांना चक्कर आली. मी मागेच होते म्हणून बरं, अंगावरच घेतलं त्यांना. इतक्या हलक्या लागल्या की मी तशीच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातलं पाणी आटलंय, अशाच राहिल्या तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागेल.

घरी येऊन बघते तर सासूबाई पिशवी भरताहेत. "मला माझ्या घरी सोडा. तिथं पाणी तरी पोटात जाईल."

"आणि परत पायरीवरून पडलात तर उचलणार कोण?" मी ओरडलेच.

"विहिरीतच पडले तर पोटभर पिईन तरी!"

आता यावर हसावं की रडावं? यांनी आईच्या हातून पिशवी घेऊन खाली ठेवली. चेहरा मात्र एवढासा झाला होता.

दुसऱ्या दिवशी उठून हे गावी गेले आणि विहिरीच्या पाण्याचा कॅन घेऊन आले. ओट्यावर तीन बाटल्या मांडल्या. फिल्टरचं पाणी, नळाचं आणि विहिरीचं. आईला खुर्चीवर बसवलं. "आई, तुझं पाणी गोडं, हलकं. फिल्टरचंही तसंच. दोन्हीला सारखाच फेस येतो की नाही, तूच बघ. मग तर पिशील?"

थेंब टाकले, बाटल्या हलवल्या. फिल्टरची बाटली फेसानं भरली. नळाच्या पाण्यावर पातळसा थर आला. विहिरीच्या पाण्यात फेस नाहीच! वर नुसत्या पांढऱ्या गुठळ्या, नासलेल्या दुधासारख्या. यांनी आणखी थेंब टाकले, पुन्हा हलवलं. त्याच गुठळ्या.

"काय झालं रे?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुझं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जड आहे." यांनी बाटली ओट्यावर ठेवली. "तुला जी चव हवी होती, तीच मी रोज काढून टाकत होतो गं."

मी तडक कॅनमधलं पाणी पेल्यात ओतायला घेतलं, तर यांनी माझा हात धरला. "थांब. साबणाला जंतू कळत नाहीत." आणि दोन स्वच्छ बाटल्यांत विहिरीचं आणि नळाचं पाणी भरून पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाईंनी नंतर फोनवर सांगितलं, विहिरीच्या पाण्यात जंतू आहेत, तसंच पिऊ देऊ नका. नळाचं चांगलं आहे, क्षार आहेत पण बेतात, आणि जंतू नाहीत. "गिझरला त्रास होईल, आजींना नाही होणार," म्हणाल्या, आणि हसल्या.

यांनी नळ सोडला आणि पेला थेट त्याखाली धरला. आमच्या संसारात पहिल्यांदा! मी डोळे फाडून बघत होते. सासूबाईंनी घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. मग पेला रिकामाच करून माझ्यापुढे धरला.

"गावच्यासारखं नाही. पण पाणी आहे. आण अजून."

त्यांचे हुकूम मी रोज ऐकते आणि रोज चडफडते. त्या दिवशी मात्र नळाशी उभी राहून रडले. नंतर त्यांची पिशवी मी उघडली आणि कपडे माझ्या कपाटात लावले. त्या बघत होत्या, नको म्हणाल्या नाहीत.

आता त्यांच्या पेल्याला आतून पांढरा थर धरलाय. परवा मी घासणी घेऊन तो खरवडायला बसले, तर यांनी पेला माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू दे गं," म्हणाले, "आईचा आहे."