चेहरा नको, पिशवी दाखव

शुक्रवारी आम्ही बायका शिधाघरात बाजरी निवडायला बसलो की खड्यांबरोबर वत्सलाआत्यांचे किस्सेही निघतात. खडे टाकून देता येतात, किस्से कुठं टाकायचे? आत्यांना जाऊन वर्ष होत आलं. तरी दुपारचं ऊन आत आलं आणि धान्याची धूळ त्यात तरंगायला लागली की मला वाटतं, आत्ता त्या म्हणतील, "गप्पा पुरे, हात चालवा."

भिंगारच्या बाजारात टेलरचं एक दुकान बंद पडलं, तिथं आत्यांनी शिधाघर काढलं. ज्याला जमेल त्यानं धान्य आणून द्यायचं, ज्याला लागेल त्यानं न्यायचं. आत्या बालवाडीच्या बाई, त्यामुळे शिस्त आलीच. कोण देतो नि कोण नेतो हे गल्लीला कळता कामा नये, यावर त्या अडून बसायच्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पिशवी हवी आणि जातानाही ती भरलेली हवी. देणाऱ्यालाही मोकळ्या हातानं सोडायच्या नाहीत. टेलरचा मोठा आरसा त्यांनी पहिल्याच दिवशी भिंतीकडे तोंड करून ठेवला. आम्हाला ताकीद होती, "चेहऱ्याकडे बघायचं नाही. पिशवीकडे बघायचं."

*

एकदा एक रिटायर्ड सुभेदार टेम्पोतून गव्हाचं पोतं घेऊन आले. निघताना आत्यांनी त्यांच्या हातात बटाट्यांची पिशवी कोंबली. टेम्पो केव्हाच गेलेला. बिचारे भर बाजारातून पिशवी सांभाळत घरी गेले.

ते शेजारणीनं पाहिलं. तिला वाटलं, साहेबांवर वाईट दिवस आले. आठवडाभर ती त्यांच्या दारात गुपचूप डबा ठेवून जायची. पुढच्या शुक्रवारी सुभेदार तणतणत शिधाघरात आले. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाजी कशी होती?"

सुभेदार पोत्यावर टेकले. मग म्हणाले, "मेथीची बरी होती."

*

मिरजगावला एका लग्नात एक बाई लगबगीनं आली आणि आत्यांच्या पाया पडली. "आत्या, वळखलं न्हाई व्हय?"

आत्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पिशवी दाखव."

बाई हसत जीपकडे गेली आणि आपली पिशवी घेऊन आली. लाल बंद बघताच आत्यांनी तिला जवळ घेतलं. "अगं, तू होय! गुडघा कसाय आता?" ती देणारी होती की नेणारी, हे मला अजून माहीत नाही.

*

काहींना आत यायचाही संकोच वाटे. त्यांच्यासाठी दाराबाहेर एक खिळा होता. त्यांनी सकाळी कुणी यायच्या आत त्याला पिशवी अडकवायची, आम्ही ती भरून परत अडकवायची. तिथं दर शुक्रवारी एक हिरवी पिशवी असायची, बुडाला जांभळं ठिगळ लावलेली. ती भरायला घेतली की आत्या हटकून म्हणायच्या, "तिच्यात कमी घाला."

एवढ्या मोठ्या मनाची बाई आणि या एकाच पिशवीला हात आखडता! मला राग यायचा. एकदा मी भांडलेच. "आत्या, त्या माणसानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"एकट्या जिवाला लागतं किती?" म्हणाल्या आणि बाजरी पाखडायला लागल्या. त्यांची पाठ वळली की मी त्या पिशवीत मूठभर तूरडाळ जास्त टाकायचे.

*

आत्यांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा त्यांचं घर आवरायला आम्हीच गेलो. बालवाडीच्या बाईला कसली पेन्शन! पण इतक्या वर्षांत आम्हा कुणाला ते सुचलंच नव्हतं. स्वयंपाकघरात दोन डबे होते, एकात बाजरी, दुसऱ्यात तूरडाळ. दारामागं हिरवी पिशवी धुऊन वाळत घातलेली होती. बुडाला जांभळं ठिगळ.

मला रडू आवरेना. कुणीच कुणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

त्या शुक्रवारी मी ती पिशवी भरली, डाळ चांगली दोन मुठी जास्त घातली आणि बाहेरच्या खिळ्याला अडकवली.

संध्याकाळी शटर ओढायला गेले, तर खिळा मोकळा होता.