बायजाच्या पुढची पावलं

बायजाचे पाय एवढेसे. जत्रेत मापाची चप्पल मिळायची नाही, पोरींची घालायची. हे आधी लिही गं जागृती, पुढं लागणार आहे. बायजा म्हणजे माझी थोरली जाऊ, तुझी मोठी आजी. आणि तिचा नवरा भिवा, त्याचे पाय हे असे फताडे. उजव्या पायाची करंगळीच नव्हती, मिठागरात फावडं लागून गेलेली.

आपल्या गावासमोर खाडीत ते तिवरांचं बेट आहे ना, भिवाभावजी रोज ते पार करायचे. होडीतून इकडच्या काठाला उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, चिखल तुडवत पलीकडचा धक्का गाठायचा. तिथून दुसरी होडी, की कळव्याला कंपनीत. पुलावरून लांब पडतं म्हणायचे. एक दिवस गेले ते आलेच नाहीत. सायकल धक्क्याच्या अलीकडं तिवराला टेकवलेली सापडली. माणूस नाही.

मग लोकांची तोंडं. शेजारची भीमाबाई नळावर सगळ्यांसमोर म्हणायची, "बुडला असता तर वर आला असता. पलीकडं दुसरी केलीन त्याने." बायजा अर्धी बादली उचलून घरी यायची. बांगड्या मात्र काढल्या नाहीत तिने.

बारा वर्षं झाली तसे घरचे म्हणाले, आता पिठाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकू. बायजा म्हणाली, "आणि जिता असला तर? आधी त्याच्या वाटेनं जाऊन येते. मग सांगते."

मी म्हटलं, "बारा वर्षांनी काय दिसणार गो तिथं, त्यांचा डबा?"

"तू नको येऊस, हेमा."

गेलेच मग मी. एकटी कशी सोडणार?

सकाळची ओहोटी. पाणी नुकतंच उतरलेलं. चिखल सारवलेल्या ओट्यासारखा, खेकड्याची रेघ पण नाही. चिखलात चालायची आपली एक रीत आहे. पुढच्याने काठी टोचत वाट काढायची, मागच्याने बरोबर त्याच्याच पावलात पाय ठेवायचा. म्हणजे माणूस रुतत नाही. बायजा पुढं, मी मागं. काठावर होतो तोवर टॉवर दिसत होते. आत शिरलो आणि काहीच दिसेना. पाखरू नाही, वारा नाही. एवढ्या जवळ पूल, पण गाडीचा हॉर्नसुद्धा येईना.

मी आपली बडबडत होते. "जाऊबाय, हळू गो. माहेरी चाललीस काय?"

मग माझ्या लक्षात आलं, तिची काठी खांद्यावर आहे. टोचतच नाहीये. मान खाली घालून सरळ चाललीय. मी पण खाली बघितलं. तिच्या पावलात माझा पाय पडत होता ना, तर पाऊल हे एवढं मोठं. माझा पाय आत हरवत होता. आणि उजव्याला चारच बोटं.

"जाऊबाय, तू कुणाच्या पावलात पाय देतेस?"

"पुढच्याच्या."

"पुढं कोण आहे गो?"

"गप चल. पाय चुकवू नको."

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. कोणी नव्हतं. मोकळा चिखल, त्यात पावलांची एक ओळ, आणि त्या पावलांत पाणी अजून झिरपत होतं. मागं फिरायची हिंमत नाही, पुढं जायची नाही. चालत राहिले.

धक्का दिसायला लागला. ते सायकलीचं तिवर आलं आणि तिथून थोडं पुढं ओळ थांबली. शेवटच्या दोन पावलांची बोटं धक्क्याकडं नव्हती, डावीकडं वळलेली. समोर चिखल कोरा. बायजाने काठी सरळ समोर टोचली. सरसर गेली आत, अख्खी, हातातून सुटलीच. वर एक बुडबुडा आला. डावीकडं पाय ठेवला, तर जमीन घट्ट.

बायजा तिथंच उकिडवी बसली. त्या चिखलाशी बोलली, घरात भांडायची तशी. "इथंच होतास? एवढी वर्षं? आणि मी बसले लोकांचं ऐकत!"

डावीकडून वळसा घालून धक्क्यावर चढलो. तिथल्या दगडावर तिने बांगड्या फोडल्या. मी काही मागं वळून बघितलं नाही बाबा.

मग पुतळा केला, सगळं रीतीप्रमाणे झालं. महिन्याभराने नळावर भीमाबाईने विचारलंच, "काय गो बायजा, बेट ओलांडून गेलेलीस म्हणे. सापडला का पलीकडं?"

"पलीकडं गेलाच नव्हता," बायजा म्हणाली. आणि बादली काठोकाठ भरेपर्यंत तिथंच उभी राहिली.