कापडाला टाचलेली चिठ्ठी

माझे बाबा शिंपी होते, आणि दिलेल्या तारखेला कपडा हातात ठेवणारे होते. अशी जमात दुर्मीळच. एखाद्या दिवशी अंग टाकलं, तर दुसऱ्या दिवशी कालचं आणि आजचं मिळून दुप्पट शिवायचे. राहिलेलं काम डोक्यावर बसतं म्हणायचे.

त्यांच्या छातीतले ठोके वेडेवाकडे पडायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी ते ताळ्यावर ठेवणारी गोळी दिली. सकाळ-संध्याकाळ एकेक. डॉक्टर समजावत होते आणि बाबा ‘हो हो’ करत त्यांच्या शर्टाची कॉलर न्याहाळत होते. शेवटी मीच कागदावर लिहून घेतलं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. दुसरं कुठलंही औषध, अगदी सर्दीचंसुद्धा, विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. चक्कर आली तर लगेच यायचं. आणि एखादी गोळी राहिली, तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. कागद मशीनशेजारी ठेवून मी सुटले.

दीड महिन्याने सकाळी त्यांचा फोन आला. मी ऑफिसात, समोर साहेब.

“अगं, काल संध्याकाळची गोळी राहिली. आता दोन्ही घेऊन टाकू का?”

“बाबा, सगळं लिहून दिलंय ना? कागद बघा की जरा.”

“बरं बरं, बघतो.”

दुपारी ते मशीनवरच कोसळले. शेजारच्या इस्त्रीवाल्याने दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. सकाळी त्याच्याकडे पाणी मागताना म्हणाले होते, “कालची आणि आजची, दोन्ही उरकतो.” दोन गोळ्यांनीच घात केला का, हे डॉक्टरांना ठामपणे सांगता आलं नाही. मला कुणी सांगायची गरजही नाही.

कागद दुकानात कुठेच नव्हता. फेकून दिला असणार, म्हणून मी गेलेल्या माणसावरही चिडले. चिडलं की रडू जरा कमी येतं.

पंधरा दिवसांनी एक गिऱ्हाईक पँटचं कापड परत न्यायला आलं. घडीला मापाची चिठ्ठी टाचलेली होती. कंबर चौतीस, लांबी चाळीस. माप लिहायला हाताशी येईल तो कागद ओढायची बाबांची जुनी खोड. मी चिठ्ठी उलटली. मागे माझं अक्षर. ‘दोन घ्यायच्या नाहीत’ याखाली दोन रेघा.

म्हणजे त्यांनी कागद शोधला असणार. सापडला नाही, आणि पुन्हा फोन करून माझी बोलणी खायची नव्हती.

“माप तेवढं द्या, दुसरीकडे शिवून घेतो,” गिऱ्हाईक म्हणालं. मी ते दुसऱ्या कागदावर उतरवून दिलं.

मागची ओळ मला त्या दिवशी फोनवरही पाठ होती.