सिंदुराला धवला नाही

आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर. आधी येते धवलारीण. मांडव घालायचा, हळद दळायची, उंबराची फांदी आणायची, बाशिंग बांधायचं, प्रत्येक गोष्टीचं एक गाणं असतं. त्या गाण्याला धवला म्हणतात आणि तो म्हणणारी ती धवलारीण. तिचा धवला होत नाही तोवर जातं फिरत नाही, तेल चढत नाही, नवरदेव कलेक्टर असला तरी पाटावर बसून राहतो.

अलिबागच्या वरच्या अंगाला, खारेपाटातल्या धाकट्या खारवलीची मनुबाई घरत अशी धवलारीण. सत्तरी ओलांडलेली, उंचीनं बेताची, नऊवारीचा काष्टा अजून तसाच घट्ट. आवाज मात्र असा की खाडीच्या अलीकडे तिनं सूर लावला तर पलीकडच्या बांधावरची बाई विळा थांबवून विचारते, आज कुणाकडं हळद आहे.

तिच्या गोष्टी सांगाव्या तेवढ्या थोड्या. एकदा उरणकडच्या लग्नाला गेली होती. नवरा कंटेनरचा ट्रेलर चालवणारा, घरात सगळा थाट, आणि नेमके उंबर आणायला विसरले. कुणीतरी शहाण्यानं आंब्याची डहाळी पुढं केली, म्हणे पानंच तर आहेत. मनुबाईनं पदर खोचला आणि भिंतीला टेकून सुपारी कातरायला घेतली. भांडण नाही, आवाज नाही. "उंबर येऊ दे, मी हाय इथंच." शेवटी नवरदेवाचे दोघे भाऊ रिकामा ट्रेलर घेऊन हायवेला उंबर शोधत हिंडले आणि घाबरून अर्धं झाड घेऊन आले. मनुबाईनं त्या अर्ध्या झाडाला धवला म्हटला आणि म्हणता म्हणता तिचं तिलाच हसू आलं. नवऱ्याची आई वर्षभर तिच्याशी बोलली नाही. धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा पहिलं बोलावणं मात्र तिलाच.

तिचा आणखी एक नेम होता. धवला मधूनच धरायचा नाही. मांडवापासून निघायचं आणि पायरी पायरीनं आंतरपाटापर्यंत जायचं. सासूनं तिला तसंच शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं. कुणी म्हणालं, मनुबाय, तेवढा हळदीचाच म्हण, फोनवर घेतो, तर ती म्हणायची, आधी मांडव घाल.

मालिकेची माणसं मार्चात आली. मुंबईच्या एका शेटचा नागावला माडापोफळीच्या वाडीत बंगला आहे. त्याच्या अंगणात पुठ्ठ्याचे खांब आणि थर्माकोलचे हत्ती उभे करून त्यांनी अडीचशे वर्षांपूर्वीचा राजवाडा केला. राजा कोण, राणी कोण, हे सगळं लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं. पण राज्य किनाऱ्यावरचं, म्हणून राजाचं लग्नही किनाऱ्यावरचं दिसायला हवं. त्याची माहिती काढायला अमिषा नावाची मुलगी वही घेऊन गावोगाव फिरत होती. ती मनुबाईच्या ओटीवर बसली, चहा प्यायली आणि सुनेला, नूतनला म्हणाली, आजींनी लग्नाच्या प्रसंगात धवला म्हणावा, आणि शेवटच्या नावांत आजींचं नाव येईल, 'परंपरा मार्गदर्शन, मनुबाई घरत.'

चहाचे पेले विसळून व्हायच्या आत नूतननं ते गावभर केलं. माहेरी फोन झाला, पनवेलच्या नणंदेला झाला. देवळापाशी टेकलेली माणसं मनुबाईला पाहून उठून बसायला लागली.

मनुबाई हो म्हणाली ती मात्र निराळ्या कारणानं. त्या वर्षी दोन लग्नांत तिच्यासमोर एकच प्रकार घडला होता. आंतरपाट दूर झाला, माळा पडल्या, आणि नवऱ्याच्या बहिणींनी चांदीची डबी पुढं केली. नवऱ्यानं चिमटीत सिंदूर घेऊन नवरीच्या भांगात भरायचा म्हणे. मनुबाईनं विचारलं, हे कुठलं? पोरी म्हणाल्या, आजी, जुन्या काळी राजेरजवाड्यांत असंच होतं, आम्ही टीव्हीत बघितलंय. पहिल्या लग्नात ती गप्प राहिली. दुसऱ्या लग्नात म्हणाली, शेंदूर आपण मारुतीला लावतो. सगळे हसले आणि डबी उघडलीच. तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं की हे पाणी जिथून येतंय तिथंच जाऊन बांध घालायला हवा.

ठरल्या दिवशी सासू-सून नागावला पोचल्या. दिग्दर्शक सुजित म्हणून एक तरुण, डोक्यावर टोपी, बोलणं फार अदबीचं. त्यानं वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, शहाळं दिलं. समोर राणी झालेली मुलगी पाटावर, राजा झालेला मुलगा दुसऱ्या पाटावर, मधे आंतरपाट. सुजित म्हणाला, आज्जी, कॅमेरा लावलाय, करा सुरू.

मनुबाईनं विचारलं, मांडवाचा झाला का?

मांडव तर तयार आहे, तो म्हणाला.

तयार दिसतोय, पण त्याचा धवला झाला का, हळद दळली का, उंबर आणला का? आणि नव्हता झाला म्हणून तिनं खुर्ची बाजूला सारली, जमिनीवर बैठक मारली आणि मांडवापासून धवला धरला. सुजितनं हातानंच सगळ्यांना थांबवलं. त्याला वाटलं, दोन-चार मिनिटांची गोष्ट असेल.

त्यानंतर नागावच्या त्या राजवाड्यात जे झालं ते मालिकेत कुठंच लिहिलेलं नव्हतं. हळदीची पुडी आली, मनुबाईनं ती परत पाठवली. जातं आणलं तर ते थर्माकोलचं निघालं, फुंकर मारली असती तर हत्तीपाशी जाऊन पडलं असतं. शेवटी शेजारच्या वाडीतून खरं दगडी जातं दोघांनी उचलून आणलं. राणीला दळायला बसवलं. ती बिचारी ठाण्याची मुलगी, पहिल्यांदा खुंटा तिच्याच्यानं हलेना. मग मनुबाईनं धवल्याचा ठेका धरला आणि त्या ठेक्यावर तिचा हात असा फिरायला लागला की थांब म्हटलं तरी थांबेना. दिवे धरणारी माणसं दिवे सोडून बघायला आली. कॅमेरावाला खुशीत होता, त्यानं एकदाही कॅमेरा बंद केला नाही. दोन तास गेले. सुजित घड्याळ बघायचा, पण चाललंय ते चांगलं चाललंय हे त्यालाही कळत होतं.

आंतरपाटापर्यंत आल्यावर मात्र मनुबाई दोनदा थांबली.

पहिल्यांदा थांबली ती मांडवात गालिचे टाकून आगऱ्या-कोळ्यांच्या बायका बसवल्या होत्या म्हणून. नटवलेल्या, नथी घातलेल्या, राजाच्या आत्यामावशांच्या मांडीला मांडी लावून. सुजितनं अभिमानानं सांगितलं, आज्जी, तुमच्या समाजाला आम्ही राजाच्या लग्नात मानाचं पान दिलंय.

मनुबाई म्हणाली, "राजाचं लगीन मी बघितलेलं नाय. तू तरी कुठं बघितलंस? पण माझी सासू शेटसावकारांच्या घरी हळदी दळायला जायची, ते ऐकलंय. जातं मागच्या दारी असायचं. मांडवाच्या खांबाला हात लावला तर खांब धुवायचे. सावकाराकडं ही तऱ्हा, तर राजानं गालिचा टाकला असंल व्हय?"

"पण आज्जी, ते दाखवलं तर वाईट दिसेल."

"कुणाचं वाईट दिसंल?"

सुजितनं त्या बायकांकडं एकदा बघितलं आणि मान डोलावली. अमिषा वहीत काहीतरी लिहायला लागली. बायकांना उठवून बाहेरच्या कुडापाशी उभं केलं, आणि त्या बायका, ज्या खरोखरच थळच्या आणि वरसोलीच्या होत्या, कुडाच्या फटीतून आत बघायला लागल्या ते इतकं खरं दिसलं की कॅमेरावाल्यानं सुजितला विचारलंसुद्धा नाही, कॅमेरा तिकडं वळवला.

दुसऱ्यांदा ती थांबली ती डबीपाशी. माळा पडल्या, आणि पडद्यामागून एक जण चांदीच्या तबकात सिंदुराची डबी घेऊन आला. राजानं चिमूट उचलली. सगळे मनुबाईच्या तोंडाकडं बघायला लागले.

"आज्जी, म्हणा."

"काय म्हणू? याला धवला नाय."

सुजितला वाटलं, विसरली. तो म्हणाला, काहीही चालेल, आधीचाच परत म्हणा. तेव्हा मनुबाई उठून उभी राहिली आणि तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. तिकडं वर बिहारात, उत्तरेत, बायांचा हा मान आहे आणि त्यांना तो शोभतो. गावाजवळच्या कंपनीतल्या एका बिहारी कामगाराच्या बायकोकडं ती छटपूजेला जाऊन आली होती, तिच्या भांगातला सिंदूर तिनं डोळे भरून पाहिला होता. पण या किनाऱ्यावर माडाच्या एवढ्या पिढ्या गेल्या, लग्नं लागली, आणि या एका गोष्टीला कुणी धवला रचला नाही. ज्याला गाणं नाही ते इथल्या लग्नात नव्हतं. तिच्याकडं दुसरा पुरावा नाही आणि तिला दुसऱ्याची गरजही वाटत नव्हती.

सुजित समजूतदार होता, पण त्याच्यावरही माणसं होती. त्यानं सांगितलं की हा प्रसंग हिंदीतही जाणार, तिकडच्या लोकांना सिंदुराशिवाय लग्न लागलंय असं वाटतच नाही. शिवाय राजघराण्यात वेगळी रीत असू शकते. आणि सुरुवातीला आम्ही पाटी दाखवतोच की ही कथा काल्पनिक आहे.

"पाटी किती वेळ असते?"

"दोन सेकंद."

"आणि हा शेंदूर?"

तो हसला. खरं सांगायचं तर त्या एका चिमटीवर अर्धा भाग जाणार होता, तिन्ही बाजूंनी, सावकाश, वाऱ्याच्या पंख्यासकट.

"बरं," मनुबाई म्हणाली, "राजाची रीत वेगळी, लोकांना आवडतं, गोष्ट खोटी. तिन्ही कबूल. मग माझं नाव कशाला?"

नूतन पुढं झाली. तिनं सासूचा हात दाबला आणि कानाशी लागून म्हणाली, आत्या, गावात सगळ्यांना सांगितलंय मी. नाव तेवढं राहू दे, कोण एवढं बघतंय?

मनुबाईनं तिला तिथंच, सगळ्यांसमोर, पण मायेनं उत्तर दिलं. "पोरी, उद्या कुणी नवऱ्याची बहीण डबी घेऊन माझ्यासमोर येईल. मी नाय म्हणेन. ती म्हणेल, आजी, टीव्हीत खाली तुझंच नाव होतं. मग मी कुठल्या तोंडानं नाय म्हणू? मला एवढं तोंडच हाय गं. तेच देऊन टाकू?"

नूतनचा हात सुटला.

सुजितनं शेवटचं सांगून पाहिलं. नाव काढायचं असेल तर काढू, पण मग आवाजही ठेवता येणार नाही. नाव नाही आणि आवाज आहे असं कागदात बसत नाही. जातं, उंबर, कुडामागच्या बायका, सगळंच जाईल. हे त्यानं धमकी म्हणून सांगितलं नाही, त्याला स्वतःलाच ते लागलं होतं. राणी झालेली मुलगी हळदीनं पिवळे झालेले हात बघत बसली होती.

मनुबाईनं जरा विचार केला. दोन तासांचा धवला होता. तिच्यामागं तो शिकायला अजून कुणी बसलं नव्हतं आणि आज तो पहिल्यांदा कुठंतरी साठवला गेला होता. एवढा विचार तिनं केला, मग म्हणाली, "जाऊ दे. धवला माझ्याकडं हाय अजून."

अमिषानं कागदांच्या गठ्ठ्यातून नावांचा कागद काढला. मनुबाईला वाचता यायचं नाही, सही तेवढी यायची, म्हणून तिनं नूतनला आपल्या नावावर बोट ठेवायला लावलं. नूतननं बोट ठेवलं. अमिषानं त्यावरून पेनची रेघ ओढली, मग स्वतःहून दुसरी ओढली. मनुबाईनं कागद उन्हात धरून पाहिला आणि परत दिला. शहाळ्यातली मलई तिनं खाल्ली नव्हती, ती मागून घेतली, खाल्ली, आणि दोघी रेवदंड्याकडून येणाऱ्या एसटीला उभ्या राहिल्या. वाटभर नूतन खिडकीबाहेर बघत होती.

लग्नाचा खास भाग मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी लागला, दोन तासांचा. घरतांच्या ओटीवर गाव लोटलं. नूतननं कुणाला काही सांगितलं नव्हतं, तिची जीभच रेटली नव्हती. पडद्यावर सनई, सतार, गालिच्यावर नथी घातलेल्या बायका. जातं नाही. मग सिंदूर आला, तिन्ही बाजूंनी, पंख्यासकट. शेजारची गोदू म्हातारी डोळे बारीक करकरून बघत होती. शेवटी म्हणाली, "मनुबाय, तू कुठं दिसली नायस ती?"

"दिसली नाय ना? आवाज आला?"

"आवाज पण नाय."

"नीट ऐकलंस?"

लोकांची चुळबूळ सुरू झाली, कुणी उठायला लागलं. नूतन मान खाली घालून बसली होती. पडद्यावर नावं धावायला लागली तशी मनुबाई पुढं सरकली आणि सगळ्यांना खाली बसवलं. म्हणाली, नूतन, वाच गं. मोठ्यानं वाच.

नूतननं वाचायला सुरुवात केली. वेशभूषा. रंगभूषा. प्रकाश. संशोधन साहाय्य. नावं भरभर पळत होती आणि ती त्यांच्यामागं धावत होती, आवाज आधी बारीक, मग जरा मोठा, मग ओटीवरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. 'परंपरा मार्गदर्शन' असं काही आलंच नाही. शेवटचं नाव गेलं आणि साबणाची जाहिरात लागली.

"हाय का?" मनुबाईनं विचारलं.

नूतननं मान वर केली. "नाय, आत्या. कुठंच नाय."

"ऐकलंस गोदू?" मनुबाई म्हणाली, आणि ओटीवरून नजर फिरवत राहिली, सगळ्यांनी ऐकल्याची खात्री होईपर्यंत.