कडुलिंबाला बांधलेला दोर

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. पुराचा विषय निघाला की उठून जायचो. आता उठण्याचंही त्राण नाही, म्हणून लिहितो.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास आमची वस्ती नंदनवनच्या अलीकडे, नाग नदीच्या काठाला होती. मी मिलमध्ये कामाला. शेजारी एक वहिनी राहायच्या, चार घरची धुणीभांडी करायच्या. त्यांच्या नवऱ्याचं एक अंग लकव्यानं गेलेलं. पावसाळा लागला की वहिनी दाराच्या खांबापासून वरच्या सडकेवरच्या कडुलिंबापर्यंत जाड दोर बांधायच्या. पूर आला तर नवऱ्याला पाठीवर घ्यायचं आणि दोर धरून सडक गाठायची. दुसरा उपाय त्यांच्याजवळ नव्हता. वस्ती हसायची, मीही.

"वहिनी, नागपुरात समुद्र येऊन राहिला का वं?"

"हसा भाऊ, हसा. पाणी आल्यावर तुम्हीच धरान हा दोर."

त्या दिवशी मला इतवारीतून धान्याची पत्र्याची कोठी आणायची होती. सायकलवर बांधायला काही नव्हतं. वहिनी कामाला गेलेल्या. आभाळ मोकळं होतं. तासाभराचा तर प्रश्न, म्हणून मी दोर सोडला. गाठ बोटांनी सुटेना, दातांनी ओढली. दुपारी परत आलो, कोठी घरात लोटली. आधी जेवू, मग बांधू, असं मनाशी म्हणालो.

वर कुठेतरी पाऊस कोसळला असावा. जेवता जेवता पाणी दारात आलं. बायकोला घेऊन मी सडकेवर चढलो. तेवढ्यात वहिनी धावत आल्या आणि कुठेही न पाहता खाली उतरल्या. नवऱ्याला पाठीवर घेऊन दारात आल्या तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं. त्यांचा एक हात खांबावर दोर चाचपत होता. वर, खाली, पुन्हा वर.

"दोर कुठं गेला वो?"

दोर माझ्या घरात, कोठीला गुंडाळलेला, पाण्यात होता.

"तशाच या!" मी ओरडलो. त्या तशाच निघाल्या. मध्यात पाय सुटला. सडकेवरच्या आम्ही चौघांनी त्यांचा हात धरला, पण नवरा पाठीवरून निसटला. त्याचं प्रेत दुसऱ्या दिवशी खालच्या पुलाजवळ सापडलं.

भेटायला गेलो तर त्याच मला म्हणाल्या, "माहीच गाठ ढिली राहिली असन, भाऊ."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी रडतो आहे.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी वस्तीसाठी म्हणून पुन्हा दोर बांधला. आता कोणी हसलं नाही. गाठीवर गाठ मारून त्यांनी मला हाक मारली, "भाऊ, ओढून पाहा बरं. पक्की आहे ना?" मी ओढून म्हणालो, "पक्की आहे." त्यानंतर दरवर्षी त्या विचारत, आणि दरवर्षी मी तेवढंच म्हणे.

मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. घाटावरही मी मागेच उभा राहिलो.

वहिनी, तुमची गाठ ढिली नव्हती. मले दातानं सोडवा लागली. मीच सोडली. माफ करा.