सातवा माळा

परवा तुम्ही फोनवर तुमच्या खिडकीतून दिसणारा रस्ता दाखवलात आणि विचारलंत, "आजी, तू कधी एवढ्या उंचावर राहिली आहेस का?" एवढ्या नाही, पण सातव्या मजल्यावर राहिले आहे. मुंबईत, चार वर्षं. तिथं जाणं मात्र एका शब्दावरून जवळजवळ रद्द झालं होतं. ते क्रमानं लिहिते.

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी मॅट्रिक झाले. मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं होतं. नागपूरला मामांकडे राहायचं आधीच ठरलं होतं. पण नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं बुऱ्हाणपूर मध्यप्रदेशात राहिलं, आणि सरकारी कचेरीतले मामा फायलींच्या पेट्यांसकट नव्या राजधानीला, भोपाळला गेले. तिथं त्यांनाच क्वार्टर मिळालं नव्हतं. एका खोलीत चौघे कारकून राहत. म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुंबईला आत्याला पत्र टाकलं. कॉलेजात नाव घालायला तीन आठवडे उरले होते. हे जमलं नसतं तर शिक्षण तिथंच थांबलं असतं, कारण दोन ठिकाणांहून माझ्यासाठी विचारणा होऊन गेली होती.

आत्याचं उत्तर आलं. अण्णांनी ते ओसरीवर मोठ्यानं वाचलं. "मुलीला खुशाल पाठव. आम्ही नवीन जागेत आलो आहोत. सातव्या माळ्यावर तिची छान सोय होईल. वारा भरपूर आहे."

आमच्याकडे वरच्या मजल्याला माडी म्हणतात. माळा म्हणजे छताखाली फळ्या टाकून केलेली जागा. तिथं कांदे, लसूण आणि लग्नकार्यातली मोठी पातेली ठेवतात. ज्वारीवरची पाखरं हाकलायला शेतात चार खांबांवर बांधतात, तोही माळा. तिसरा कुठला माळा आम्हाला ठाऊक नव्हता.

अण्णांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, तापीकाठची शेती बघायचे. तेच आधी बोलले.

"सात माळे? घर हाय का गोदाम? आन सहा सोडून सातवा आपल्या पोरीले?"

"शिडीनं चढायचं असेल," आई म्हणाली. "तेही पातळ नेसून."

"वारा भरपूर हाय म्हने. असनारच. पाखरं हाकलायले बसवतील इले."

मी हसले. मग पाहिलं तर अण्णा हसत नव्हते. आत्याचे यजमान सिमेंटच्या धंद्यात होते. मुंबईत तेव्हा जिकडेतिकडे इमारती उठत होत्या आणि त्यांचंही बरं चाललं होतं. तेव्हापासून ते आपल्याला कमी लेखतात, असं अण्णांना वाटायचं. त्यांनी त्याच दुपारी कार्ड लिहिलं: "आमच्या मुलीला माळ्यावर ठेवण्याची वेळ अजून आलेली नाही." पेटीत टाकायला मलाच पाठवलं. मी टाकलं. तेव्हा वडिलांपुढे बोलायची रीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर माळ्यावर राहायचं मलाही अपमानाचंच वाटलं होतं.

आठ दिवसांनी आत्याचं पत्र आलं. अक्षर बिघडलेलं होतं. "अण्णा, माझ्या घराला नावं ठेवलीस. आठव्या माळ्यावर डॉक्टर बायकामुलांसह राहतात, त्यांना तर कमीपणा वाटत नाही."

डॉक्टर, बायकामुलांसह, माळ्यावर? मी पाकीट उलटून पाहिलं. मागे आत्याच्या यजमानांचा इंग्रजी पत्त्याचा शिक्का होता: ब्लॉकचा नंबर, आणि पुढे 'सेव्हन्थ फ्लोअर'. मराठी शब्दाचा अर्थ मला असा इंग्रजीतून कळला. मी अण्णांना शिक्का दाखवला. अण्णा शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि पाणी प्यायला आत गेले.

मला वाटलं, आता मार्ग मोकळा झाला. पण मोठेबाबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"म्हंजे सातवी माडी? अरे, आपल्या जामा मशिदीच्या मिनारात बिऱ्हाड केल्यासारखं झालं. मिनारात कोनी संसार करते का?"

आधी राग होता, आता भीती होती, आणि भीती घालवणं जास्त अवघड गेलं. शेवटी मोठेबाबाच म्हणाले, मी स्वतः नेतो, बघतो. नाही पटलं तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं दोघं परत. अण्णांनी माफीचं पत्र लिहिलं नाही. ते मी लिहिलं, त्यांनी फक्त सही केली.

मुंबईत इमारतीसमोर उतरलो तर शेजारच्या दोन इमारतींना अजून बांबूच्या परांच्या होत्या. मोठेबाबांनी लिफ्टची जाळी पाहिली आणि म्हणाले, "पिंजऱ्यात जायले मी पोपट हाय का?" आम्ही जिन्यानं चढलो. माझी ट्रंक लिफ्टनं गेली. वर आत्या मला पाहून रडली आणि मोठेबाबांना म्हणाली, "या, माळ्यावर या!" ते खजील होऊन हसले, पण बसले नाहीत. त्यांनी गॅलरीचा कठडा हलवून पाहिला. नळ सोडून पाहिला. मग विचारलं, "शेजारी कोन राहते?"

आत्याला सांगता येईना. ती आणि तिचे यजमान दोघंही सकाळी कामावर जात. शेजारची दारं बंदच असत.

मोठेबाबांनी स्वतः जाऊन समोरचं दार ठोठावलं. कराचीहून आलेल्या एका सिंधी आजीबाईंनी उघडलं. आमच्या गावी सिंधी लोकांची दुकानं होती, त्यामुळे मोठेबाबांना परकं वाटलं नाही. त्यांनी सरळ सांगितलं, "हम बुरहानपुर के हैं. ये बच्ची दोपहर को कॉलेज से आएगी, तो घर में अकेली रहेगी."

"अकेली क्यों? मैं कहाँ जाती हूँ?" आजीबाई म्हणाल्या. "लिफ्ट से डर लगता है, भाईसाहब. सीढ़ी घुटने चढ़ने नहीं देते. चार महीने से नीचे नहीं उतरी."

त्यांनी आम्हाला आत बसवून भाजलेला पापड आणि पाणी दिलं. मोठेबाबांनी पापड पुरा संपवला, कराचीच्या घराची चौकशी केली, आणि परत येऊन आत्याला एवढंच म्हणाले, "इले राहू दे."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात नाव घातलं, तेही मुदतीच्या एक दिवस आधी. संध्याकाळच्या गाडीनं मोठेबाबा निघाले. मी गॅलरीत उभी राहिले. ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले, वळले आणि बोट वर करून मजले मोजू लागले. तळमजला मुंबईत मोजत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचं बोट माझ्या खालच्या गॅलरीवर थांबलं. तिथं कोणी बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत असावी. मोठेबाबांनी तिच्याकडे बघून टोपी काढून हलवली. मी ओरडले, पण तिथून ऐकू जाणं शक्य नव्हतं. खालच्या गॅलरीतून एक हात बाहेर आला आणि हलला. मोठेबाबांनी समाधानानं टोपी घातली आणि स्टेशनाकडे चालू लागले.