तुतीच्या झाडाची इमारत

पेल्यात आधी साखर, मग चहा. चपलांतली वाळू झटकायची आणि पाय पुन्हा वाळूतच ठेवायचा. नव्या माणसाचं नाव विचारायचं नाही, "मागं काय सोडून आलात?" एवढंच.

हे अम्म अबुलवफा. अम्म म्हणजे काका. अख्खी वस्ती त्यांना तसंच म्हणायची. कैरोबाहेरच्या वाळवंटातल्या या नव्या शहरात शेकडो इमारती, सगळ्या एकाच पिवळ्या रंगाच्या. त्यांतल्या चारांचे ते राखणदार. तरुणपणी दक्षिणेकडच्या गावांत, हज करून परतलेल्या हाजींच्या घरांवर चित्रं काढायचे: जहाज, विमान, काबा.

वस्तीत नव्याने आलेल्या मैसरा या तरुणाची आई, नजात, इमारतींवरचे आकडे वाचू शकत नव्हती. जुनं घर रुंद रस्त्याखाली गेलं, म्हणून दोघं इथे आली. चौथ्याच दिवशी ती पाव घेऊन परतली आणि परक्या दारात किल्ली फिरवत राहिली. आतून बाई किंचाळली. तेव्हापासून नजात उंबऱ्याबाहेर पडेना. कामावर मैसराला दिवसभर ते बंद दार दिसत राही.

त्याने अम्मना सांगितलं. ते जिना चढून आले.

"उम्म मैसरा," मुलाच्या नावानं आईला हाक मारत ते म्हणाले, "मागं काय सोडून आलात?"

"दारातलं तुतीचं झाड."

दुसऱ्या सकाळी नजातच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला शिडी लागली आणि अम्म रंगवू लागले. खोड, फांद्या, पानं. पण भिंतीवर चित्र म्हणजे घरात हाजी, हे सगळ्यांना ठाऊक. येणारेजाणारे नजातला मुबारकबाद देऊ लागले.

"अहो अम्म, मी कधी समुद्रसुद्धा पाहिला नाही! लोक हाजीबाई म्हणतायत. अल्लाहला काय तोंड दाखवू?"

"मग या जाऊन. माझं चित्र तयारच आहे."

नजात हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा. मग पिशवी घेऊन एकटी उतरली. मैसरा लपतछपत मागे गेला. परतताना ती एकदाही थबकली नाही.

लाल रंग मात्र संपला होता. "तुती शुक्रवारच्या नमाजनंतर," अम्म म्हणाले.

गुरुवारी दुपारी ते खुर्चीत बसल्या जागी गेले.

शोकमंडपात मैसराला बोलायचं होतं. साहित्याची पदवी, पण एक वाक्य सुचेना. नंतर अम्मच्या बायकोचे हात धरून आईच म्हणाली, "माझं घर मला त्यांनी शोधून दिलं."

शिडी अजून भिंतीशीच आहे. पानांमध्ये खडूचे सात छोटे गोल दिसतात. तिथे तुती यायच्या होत्या.